काडीखाराची बाटली

पोलीस खात्यात माझी तीस वर्षे गेली. खून, दरोडे, घरफोड्या, सगळ्या प्रकारचे तपास केले आणि त्यातले बरेचसे आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. कोणता दरोडा कोणत्या गावचा, हे सांगायला मला जुन्या डायऱ्या उघडाव्या लागतात. एका प्रकरणासाठी मात्र डायरी लागत नाही. त्यात कोणी कोणाला मारले नव्हते, काही चोरीला गेले नव्हते आणि शेवटी कोणाला शिक्षाही झाली नाही. तरी तेवढे प्रकरण दिवसवार माझ्यापुढे उभे राहते.

दुसरे महायुद्ध सुरू होण्याच्या चार-पाच वर्षे आधीची ही गोष्ट. धुळे आणि अमळनेरच्या मधल्या पट्ट्यात, एका बाजाराच्या गावी मी फौजदार होतो. गावाचे आणि माणसांचे नाव देत नाही. त्यांची मुलेबाळे अजून तिथे आहेत. गावात कापसाचे दोन जिन होते, गुरांचा मोठा बाजार भरे आणि बारा खाटांचा एक दवाखाना होता. दवाखान्याला दोन वर्षांपूर्वी बाळंतिणींची खोली जोडली होती आणि तिच्यासाठी एक शिकलेली नर्सबाई नेमली होती.

वैशाख होता. सकाळची हजेरी आटोपून मी टेबलाशी बसलो, तोच ठाणे अंमलदाराने एका म्हातारीला आत आणले. ती गावातली जुनी दाई. साठी उलटलेली, पण चालताना काठी नव्हती. तिच्या मागे जिनात काम करणारा एक तरुण उभा होता. त्याच्या केसांत आणि भुवयांत कापसाची कूस अडकलेली होती आणि हातांत धडप्यात गुंडाळलेले तान्हे मूल होते.

"भाऊ, फिर्याद लिखाले उनी शे मी," दाई म्हणाली.

"बस अक्का. कोणाविरुद्ध?"

"ती दवाखानानी बाई. यानी पोरना डोया गयात."

तरुणाने धडपे बाजूला केले. मूल मुलगी होती, आठ-दहा दिवसांची. पापण्या सुजल्या होत्या. दाईने हलक्या बोटाने एक पापणी वर केली, तेव्हा मला दिसले की बुबुळावर दुधासारखी पांढरी झाक आली आहे. दुसऱ्या डोळ्याचे तेच. आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून कानाकडे एक काळसर ओघळ गेला होता.

"हे काजळ आहे का?" मी विचारले.

"काजय नही," बाप म्हणाला. "धोवाई नही जास ते. साहेब, पोर धडधाकट जनमनी व्हती. डोया हुघडीसन देखे. त्या बाईनी डोयामा औषद टाकं, आनि दुसरा दिन डोया सुजी गयात."

मी स्टेशन डायरीत नोंद घेतली, पण खरे सांगायचे तर दाईवर माझा विश्वास बसला नव्हता. बाळंतिणींची खोली सुरू झाल्यापासून तिचे काम निम्म्यावर आले होते, हे सगळ्या गावाला माहीत होते. अशा माणसाच्या फिर्यादीत आकस असणार, असे आम्हाला पहिल्यापासून शिकवलेले असते. पुढे अनुभवाने मला एक गोष्ट कळली. ज्याच्या पोटावर पाय आला आहे, तो खोटेच बोलेल असे नाही. पुष्कळदा तो इतरांपेक्षा बारकाईने बघत असतो. दाई तसेच बघत होती. तिनेच सांगितले की कुंभारवाड्यात आणखी एका मुलाचा एक डोळा असाच धुरकट झाला आहे, आणि त्याचाही जन्म दवाखान्यातलाच. मी शिपाई पाठवून खात्री केली. गोष्ट खरी निघाली. गालावरचा काळा ओघळसुद्धा तसाच होता.

दुपारी मी दवाखान्यात गेलो. तिथले डॉक्टर पन्नाशीचे, सभ्य आणि कामाने पिचलेले गृहस्थ होते. त्यांनी मला खुर्ची दिली आणि न रागावता समजावून सांगितले. आईला आतून काही रोग असला, तर जन्मताना तो मुलाच्या डोळ्यांत जातो आणि मूल आंधळे होते. ते टाळण्यासाठी जन्मल्याबरोबर प्रत्येक मुलाच्या डोळ्यांत काडीखाराच्या, म्हणजे सिल्व्हर नायट्रेटच्या, फिक्या पाण्याचा एकेक थेंब टाकतात. शंभर भाग पाण्यात एक भाग काडीखार. त्याने डोळे एक-दोन दिवस किंचित लाल होतात आणि निवळतात. या औषधाने जगभर मुलांचे डोळे वाचले आहेत, असे ते म्हणाले.

"मग या मुलांचे गेले कसे?"

डॉक्टरांनी कपाट उघडले. वरच्या फळीवर डोळ्यांच्या औषधाची बाटली होती. खालच्या फळीवर तशीच दुसरी, जखमा जाळण्याच्या औषधाची. त्यातही काडीखारच, पण दहापट कडक.

"दोन्ही काळ्याच बाटल्या?" मी विचारले.

"काडीखाराला उजेड चालत नाही. त्याच्या बाटल्या काळ्याच असतात."

"म्हणजे बाईंनी बाटली बदलली."

"दुसरं काय असणार, फौजदारसाहेब?" डॉक्टर म्हणाले.

मी दोन पंच बोलावले, पंचनामा केला आणि जखमांच्या औषधाची बाटली जप्त केली. लाखेचे सील लावून ती ठाण्याच्या मालखान्यात कुलपात ठेवली. डोळ्यांच्या औषधाची बाटली वरच्या फळीवर तशीच राहू दिली. का, असे त्या वेळी कोणी विचारले असते, तर मी म्हटले असते की नवीन जन्मणाऱ्या मुलांना ते औषध लागणार, दवाखान्याचे काम अडवता येत नाही. पण ते खरे कारण नव्हते. गुन्हा कोणत्या बाटलीने झाला हे मी ठरवून टाकले होते, आणि एकदा ठरवल्यावर दुसऱ्या बाटलीकडे बघायची मला गरज वाटली नाही.

नर्सबाईंना दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्यात बोलावले. त्या नगरकडच्या, पस्तिशीच्या, एकट्या. पांढरे पातळ, हातात काही नाही. मला त्यांची बोटे लक्षात राहिली. दोन्ही हातांच्या बोटांची टोके काळपट झाली होती. काडीखार कातडीला लागला की असा डाग पडतो आणि दिवसेंदिवस जात नाही.

जबाब घेण्यात माझा हातखंडा आहे, असे वरिष्ठ म्हणत. मी आवाज चढवत नसे. लहान लहान प्रश्न विचारून माणसाला एकेक पायरी खाली आणत असे.

"बाटली बदलली का, बाई?"

"नाही."

"कशावरून म्हणता?"

"मी चिठ्ठी वाचून औषध घेते. दर वेळी."

"त्या मुलीचा जन्म झाला, तेव्हा तुम्ही किती वेळ कामावर होता?"

त्यांनी आठवून पाहिले. "आदल्या दिवशी सकाळपासून. लागोपाठ तीन बाळंतपणं झाली."

"मध्ये झोप?"

"नाही मिळाली."

"आणि त्या वेळी चिठ्ठी वाचलीत."

"वाचलीच असणार."

"असणार नको. वाचल्याचं आठवतं का?"

त्या गप्प राहिल्या. मीही गप्प राहिलो. समोरच्या माणसाला शांतता सोसत नाही, हे मला ठाऊक होते. शेवटी त्यांनी आपले हात मांडीवरून उचलून टेबलावर ठेवले आणि त्या काळ्या बोटांकडे बघत म्हणाल्या, "नाही आठवत. माझ्याच हातून झालं असेल. बाटली तर माझ्याच हातात होती."

मी ते वाक्य जबाबात उतरवले. पोलिसांपुढच्या कबुलीला कोर्टात किंमत नसते, पण माझ्यापुरता तपास तिथे संपला होता. उठता उठता त्या आणखी एक गोष्ट बोलल्या. फाल्गुनापासून मुलांचे डोळे नेहमीपेक्षा जास्त सुजतात, असे त्यांनी डॉक्टरांना सांगितले होते. डॉक्टर म्हणाले होते की उन्हाळ्यात धुळीने डोळे येतातच. हे मी लिहिले नाही. तपासाशी त्याचा संबंध नाही असे मला वाटले.

आज मला वाटते, त्या खोलीत काय चालले आहे ते मला कळायला हवे होते. मुरलेला गुन्हेगार सहजासहजी कबूल होत नाही. जबाबदारीने काम करणारा माणूस मात्र स्वतःवर लगेच संशय घेतो. त्याला जरा ढकलले की तो आपणहून पडतो. मी ढकलले होते.

बेफिकिरीने जबर दुखापत करण्याचे कलम, तीनशे अडतीस, लावले. गुन्हा जामिनाचा होता. बाईंना जातमुचलक्यावर सोडले आणि गाव सोडायचे नाही अशी ताकीद दिली. डॉक्टरांनी त्यांना कामावरून दूर केले. धुळ्याहून तात्पुरती दुसरी नर्स आली. जिनातल्या बापाला मी बोलावून सांगितले की गुन्हा दाखल झाला आहे. त्याने हात जोडले. मुलगी कशी आहे हे मी विचारले नाही.

माझ्या ठाण्यात पंचविशीचा एक शिपाई होता. मुसलमान, शांत, कामाला चोख. त्याच्या घरी पहिले बाळंतपण होते. त्या गडबडीनंतर चार दिवसांनी तो माझ्यापुढे येऊन उभा राहिला.

"साहेब, घरात दुखायला लागलंय. दाईला बोलावू की दवाखान्यात नेऊ? मोहल्ल्यातले लोक दवाखान्याला भ्यायलेत."

"दवाखान्यात ने," मी म्हणालो. "ती बाई आता तिथे नाही. ती बाटली आपल्या मालखान्यात कुलपात आहे. आता भीती नाही."

त्याने सलाम केला आणि गेला. दुपारी त्याला मुलगा झाला. त्याने ठाण्यात सगळ्यांना गूळ-खोबरे वाटले.

दोन दिवसांनी सकाळच्या हजेरीला तो नव्हता. हजेरी संपता संपता आला. टोपी हातात होती. गैरहजेरीचे कारण विचारायला मी तोंड उघडले, तर तोच म्हणाला, "साहेब, पोराचे डोळे सुजलेत. गालावर ते काळं आलंय."

मी मालखान्याची किल्ली घेतली आणि कुलूप काढले. बाटली होती तिथेच होती. लाखेवर माझा शिक्का जसाच्या तसा होता. तिच्यातला एक थेंबही बाहेर गेलेला नव्हता. शिपाई दारात थांबला होता.

नर्सबाई दवाखान्यामागच्या एका खोलीत राहत. मी दार वाजवले. त्यांनी उघडले आणि माझा गणवेश पाहून त्या बाजूला झाल्या. त्यांना वाटले मी त्यांना न्यायला आलो आहे.

"आणखी एका मुलाला झालंय," मी म्हणालो. "नव्या बाईंनी औषध टाकलं होतं."

त्यांनी स्वतःच्या सुटकेबद्दल एक शब्द विचारला नाही. "केव्हा जन्मलं?" एवढेच विचारले.

"परवा दुपारी."

"डोळे धुतले का कोणी?"

"माहीत नाही."

"उशीर झालाय, पण चला. पाणी उकळून गार करायला सांगा. आणि मीठ."

शिपायाचे घर दवाखान्यापासून लांब नव्हते. कालच बाळंतिणीला घरी आणले होते. बाईंना पाहून तिने मूल छातीशी घट्ट धरले.

"ह्याच का त्या?" तिने नवऱ्याला विचारले.

शिपायाने माझ्याकडे पाहिले. दोन दिवसांपूर्वी मीच सांगितले होते की ती बाई आता तिथे नाही, आता भीती नाही.

"हो, मीच," नर्सबाई म्हणाल्या. "डोळे धुऊ द्या. तुम्ही जवळच बसा. मी काय करते ते बघा, म्हणजे मी नसताना तुम्हाला करता येईल."

मग शिपाई पुढे झाला, बायकोच्या हातातून त्याने मूल घेतले आणि बाईंच्या मांडीवर दिले. बाईंनी कापसाच्या बोळ्याने त्या सुजलेल्या पापण्या ओल्या केल्या, हळूहळू उघडल्या, आत साचलेला पू धुऊन काढला. दर दोन तासांनी असे करायचे, असे त्यांनी आईला शिकवले. उजव्या डोळ्यावर झाक आली होती. डावा अजून स्वच्छ वाटत होता.

बाहेर ओट्यावर आल्यावर त्यांनी हात धुतले आणि मला विचारले, "डोळ्यांची बाटली कुठे आहे?"

"दवाखान्यात. फळीवर."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. दोष देणारी नजर नव्हती ती, पण मी मान खाली घातली.

"तिच्यात औषध किती उरलंय?"

"मी पाहिली तेव्हा तीन बोटं असेल."

"तीन बोटं," त्या म्हणाल्या. "दिवाळीनंतर कंपाउंडरने भरली तेव्हा गळ्यापर्यंत होती. मी तिच्यातून थेंब थेंब घेते, फौजदारसाहेब. एका मुलाला दोन थेंब. तेव्हापासून चाळीस मुलं झाली नसतील. सगळं मिळून दोन चमचे होणार नाही. मग बाकीचं गेलं कुठे?"

आम्ही तसेच दवाखान्यात गेलो. डॉक्टर रोगी तपासत होते. मी त्यांना कपाट उघडायला लावले. ते कपाट पश्चिमेच्या भिंतीला होते; भिंतीला हात लावला तर गरम लागत होती. रुंद तोंडाची ती काळी बाटली मी पहिल्यांदा नीट पाहिली. तिला काचेचे बूच नव्हते. तोंडात कापसाचा बोळा होता.

"बूच कुठे आहे?"

"माघात फुटलं," बाई म्हणाल्या. "तेव्हापासून मी बोळा घालते. रोज बदलते, धूळ जाऊ नये म्हणून."

खानदेशातला उन्हाळा ज्याने काढला आहे, त्याला पुढचे सांगावे लागणार नाही. आमच्या ठाण्यात चैत्र लागला की दौतीतली शाई दोन दिवसांत घट्ट होई आणि हवालदार रोज सकाळी तिच्यात पाणी घाली. पाणी उडून जायचे, रंग मागे राहायचा. बाटलीत तेच झाले होते. पाणी उडाले, काडीखार मागे राहिला. दर आठवड्याला औषध थोडे जास्त कडक होत गेले. माघातल्या मुलांचे डोळे नुसते लाल झाले, फाल्गुनातल्यांचे सुजले, आणि वैशाखातल्यांचे जळाले. बाटलीतले औषध वापरून कमी होते आहे, असेच बघणाऱ्या प्रत्येकाला वाटत राहिले.

डॉक्टर बाटली हातात घेऊन खुर्चीवर बसले. बाहेर रोगी खोळंबले होते. बाई म्हणाल्या, "मला हे कळायला हवं होतं."

"तुम्हाला नाही," डॉक्टर म्हणाले. "मला."

मग त्यांनी स्वतःच उठून कपाटातली एक फाइल काढली आणि मला एक कागद दिला. बाईंच्या अक्षरातला अर्ज होता. डोळ्यांच्या औषधाच्या बाटलीचे काचेचे बूच फुटले आहे, नवे मिळावे. खाली डॉक्टरांचा शेरा होता: पुढील वार्षिक मागणीत पाहावे. तो कागद त्यांना फाडून टाकता आला असता. मी मागितलाही नव्हता. अर्जाबद्दल मला काही माहीतच नव्हते.

या वेळी मी बाटली, बोळा, अर्ज आणि जन्मनोंदीचे रजिस्टर, सगळे पंचांसमक्ष ताब्यात घेतले. बाटली सील करून मुंबईला सरकारी रासायनिक तपासणीला पाठवली. तोवर नव्या मुलांसाठी बाईंच्या सांगण्यावरून ताजे औषध लहान बाटलीत बनवले. तपासणीचा निकाल यायला दीड महिना लागला. औषध असायला हवे त्याच्या पाचपटीहून जास्त कडक होते.

मग प्रश्न आला, गुन्हा कोणाचा. मी धुळ्याला पोलीस प्रॉसिक्यूटरांकडे कागद घेऊन गेलो. त्यांनी सगळे वाचले.

"नर्सने जे करायचं ते सगळं केलं," ते म्हणाले. "चिठ्ठी बरोबर, औषध बरोबर, मात्रा बरोबर. बूच नाही म्हणून अर्जही केला. तिच्यावर बेफिकिरी कशी लावणार?"

"आणि डॉक्टर?"

"डॉक्टरने एक बूच मागवलं नाही. कोर्ट विचारेल, बूच नसलं तर डोळे जातील हे त्या दिवशी कोणा शहाण्या माणसाला दिसलं असतं का? मी काय उत्तर देऊ? खात्याची चौकशी होऊ द्या. फौजदारी गुन्हा टिकणार नाही."

सी समरीचा अहवाल लिहायचे ठरले. म्हणजे गैरसमजाने दाखल झालेला गुन्हा, आरोपी मोकळा. मी अहवाल लिहिला. शेवटी एक परिच्छेद घातला की तपासाच्या पहिल्याच दिवशी तपास करणाऱ्या अंमलदाराने दोन्ही बाटल्या ताब्यात घेतल्या असत्या, तर तिसऱ्या मुलाला इजा झाली नसती.

डी.एस.पी. साहेबांनी मला बोलावून घेतले. "हे शेवटचं कशाला लिहिलंय?" त्यांनी विचारले.

"घडलं म्हणून, सर."

"तुमच्यावर कोणी आरोप केलाय का?"

"नाही."

"मग आपण होऊन कागदावर आणू नका. उद्या कोणीही खात्याकडे बोट दाखवील. एवढं काढा आणि पुन्हा पाठवा."

मी ते पान पुन्हा लिहिले. परिच्छेद काढून टाकला. डॉक्टरांनी आपला कागद स्वतःहून पुढे केला होता आणि मी माझा लपवला. या दोन गोष्टींतला फरक मला त्या दिवशीही कळत होता, पण नोकरीची वर्षे पुढे बरीच होती.

अहवाल मंजूर झाल्यावर जिनातल्या बापाला सांगणे माझ्याकडे आले. शिपायाकरवी निरोप धाडता आला असता, पण मी स्वतः गेलो. त्याची बायको दारात मुलीला घेऊन बसली होती. मुलगी आता सहा महिन्यांची होती. आवाज येईल तिकडे मान वळवत होती. मी त्याला बाटली, बूच, उन्हाळा, सगळे सावकाश सांगितले. नर्सबाईंचा गुन्हा नव्हता आणि कायद्याने कोणाचाच गुन्हा होत नाही, असे सांगितले. त्याने सगळे ऐकून घेतले.

"साहेब, कोनीच चुकनं नही," तो म्हणाला, "मंग मनी पोरना डोया गयात कसा?"

काही वेळ ओट्यावर बसलो आणि परत आलो.

त्याचे उत्तर मी नंतर अनेक वर्षे शोधत राहिलो. कोणीच चुकले नव्हते, हे खरे नाही. कंपाउंडरने सहा महिन्यांचे औषध एकदम भरून ठेवले. डॉक्टरांनी एक शेरा मारून अर्ज बाजूला केला आणि बाईंनी सुजलेल्या डोळ्यांबद्दल सांगितले तेव्हा धुळीला दोष दिला. मी एक बाटली घेतली आणि दुसरी ठेवली. प्रत्येकाची चूक एवढीशी होती. कायदा एका माणसाची मोठी चूक पकडायला बनवलेला आहे. अनेकांच्या लहान चुका तान्ह्या मुलांच्या डोळ्यांत एकत्र आल्या, तर त्याच्याकडे कलम नाही. आणि आम्ही पोलीसही कलम शोधतो, म्हणजे माणूस शोधतो. माणूस सापडला की आम्हाला हायसे वाटते. मला तर त्या बाई सापडल्यावर इतके हायसे वाटले की मी दुसऱ्याला खुशाल सांगितले, आता भीती नाही.

त्यानंतर कोणत्याही अपघाताच्या तपासात, विहिरीचा काठ ढासळलेला असो की जिनाचा पट्टा तुटलेला असो, हे कोणी केले असे विचारण्याआधी मी एक प्रश्न विचारू लागलो: अजून कोणाला धोका आहे का? तो आधी दूर करा, आरोपी पळून जात नाही. माझ्या हाताखालच्या फौजदारांना मी हे शिकवले. कारण मात्र कधी सांगितले नाही.

नर्सबाई पुन्हा कामावर आल्या. बदली मागून त्यांना जाता आले असते. गावात काही लोक त्यांच्या नावाने बोलतच राहिले. पण त्या आणखी तीन वर्षे राहिल्या. डोळ्यांचे औषध त्या दर सोमवारी लहानशा बाटलीत ताजे करून घेत, चिठ्ठीवर तारीख लिहीत आणि आदल्या आठवड्याचे उरलेले सगळ्यांदेखत ओतून देत. जुन्या दाईला त्यांनी एक दिवस बोलावून घेतले. डोळे धुरकट झाल्याचे पहिल्यांदा तुमच्या ध्यानात आले, असे म्हणून त्यांनी तिला विनंती केली की बाळंतिणी घरी गेल्यावर आठवडाभर मुलांचे डोळे बघत जा आणि काही दिसले तर लगेच मला सांगा. म्हातारी आढेवेढे घेत तयार झाली. डॉक्टरांची खात्याकडून चौकशी झाली, ठपका आला. ते पेन्शनीपर्यंत काम करत राहिले.

माझी बदली जळगावला झाली तेव्हा निघायच्या दिवशी मी त्या शिपायाला खोलीत बोलावले. मधल्या काळात तो एका शब्दाने मला काही बोलला नव्हता. त्याच्या मुलाच्या उजव्या डोळ्यात फूल पडले होते, डावा वाचला होता. मी त्याला अहवालातून काढून टाकलेल्या परिच्छेदाबद्दल सांगितले. ती बाटली मी पहिल्याच दिवशी उचलायला हवी होती, तुला खात्रीने सांगण्याचा मला काही अधिकार नव्हता, असेही म्हणालो.

तो सावधानमध्ये उभा होता. म्हणाला, "साहेब, गेल्या महिन्यात मुलगी झाली. तिच्या वेळीही दवाखान्यातच नेलं होतं."

"तिचे डोळे?"

"चांगले आहेत. ह्या खेपेला कोणाला विचारलं नाही, साहेब. मीच आत गेलो आणि बाटलीवरची तारीख वाचून घेतली."